खुर्शीदाचा माग

पंचवटीमागच्या त्या घरात मनाने दुखावलेली नऊ मुलं उपचारासाठी राहत. त्यांना सांभाळणाऱ्या धोंडाबाईचं डोकं उठवलं ते मात्र आठ वर्षांच्या खुर्शीदाने. पोर बोलायची नाही, तिच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. दिवसभर वाटीने फरशी ठोकायची. दोन ठोके, जरा थांबून तिसरा. धोंडाबाईने वाटी हिसकावली, तर पोरगी मुठीने ठोकायला लागली.

हातमागाला सुट्टी म्हणून शुक्रवारी तिचा बाप नियाज मालेगावहून भेटायला आला आणि ते ठोके ऐकून दारातच थबकला.

"बाई, हा आमच्या मागाचा ठोका. हिची आई विणायची, ही शेजारी झोपायची. एका दुपारी माग थांबला म्हणून ही जागी झाली, तर आईने मागावरच मान टाकलेली."

धुणं बडवायचं धोपाटणं घेऊन धोंडाबाई पोरीजवळ बसली, तिची सुजलेली मूठ हलकेच सोडवली आणि फरशीवर तोच ठोका धरला.

"नीज गं बाय. आता माग मी चालविते."

खुर्शीदा तिच्या मांडीवर कलंडली. सांजच्याला मुलं भाकरीसाठी दारात गोळा झाली. धोंडाबाईने एका हाताने त्यांना गप्प केलं; दुसरा हात काही थांबू दिला नाही.