सोवळ्यातली निळी वायर

मित्रांनो, मी एक जुनी निळी वायर आहे, आणि अपूर्वाची फाइल वेळेत पोचली. हे सांगून झालं. आता मी ते सांगितलंच नाही असं आपण सगळे मिळून समजू, म्हणजे तुम्हालाही थोडी काळजी करता येईल.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. मी एका मोठ्या वेटोळ्यात होते, आणि वेटोळ्यात सगळेच नातेवाईक असल्यामुळे कोणी कोणाची चौकशी करत नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मिरजोळ्याच्या यज्ञेशने मला त्यातून कापलं, दोन्ही टोकांना प्लग बसवले आणि म्हणाला, "झाली ही." माझं बारसं एवढंच.

ते साल २००३. रत्नागिरीत हरिहर अण्णांच्या घरी मी कामाला लागले. घराच्या पुढच्या खोलीत त्यांच्या मुलीचा, म्हणजे अपूर्वाचा कॉम्प्युटर. अंगणापलीकडे गोठ्यावरच्या खोलीत तिचा भाऊ मुकुल, आणि त्याचा कॉम्प्युटर. सीडी लिहायची सोय फक्त मुकुलकडे, आणि त्याचा कॉम्प्युटर जागचा हलवला की आठवडाभर रुसून बसे. म्हणून मला अंगणावरून, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत, उंच बांधलं.

अपूर्वाला आवाज गोळा करायचा नाद. मांडवीच्या समुद्राची गाज, रहाटाची करकर, पिकला आंबा कौलावर पडतो तो धप्प. ती ते माझ्यातून मुकुलकडे पाठवायची. मित्रांनो, मी समुद्र कधी पाहिला नाही. पण तो माझ्या पोटातून बऱ्याचदा गेला आहे. खारट लागत नाही.

पहिले काही महिने माझं फार कौतुक झालं. मग अचानक फाइली रांगू लागल्या. मुकुलने दोन्ही कॉम्प्युटर बंद करून चालू केले. मग खिडकीतल्या, दोन्ही कॉम्प्युटर जोडणाऱ्या हबच्या खोक्याला दोन चापट्या मारल्या. यज्ञेश आला, त्याने कार्ड बदललं, चहा घेतला आणि "सेटिंगमध्ये काहीतरी असेल" असं म्हणून गेला. माझ्याकडे मान वर करून कोणीही पाहिलं नाही. मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं. मला फक्त दुसऱ्यांचं बोलणं नेता येतं.

अपूर्वा मात्र हेरत राहिली. सकाळी फाइल सरकत नाही, दुपारनंतर धावते. आणि एकदा तर दहा दिवस फाइली वाऱ्यासारख्या गेल्या. ते कोणते दिवस, हे आठवल्यावर ती मुकुलकडे धावत गेली.

"मुकुल, केळशीच्या चुलतआजोबांचं सुतक होतं ना, तेव्हा नेटवर्क फास्ट होतं!"

मुकुल शांतपणे म्हणाला, "मग आता कोणाचा नंबर लावायचा?"

त्यावर दोघंही हसली आणि ते तिथेच राहिलं.

मग तो दिवस आला. ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमासाठी अपूर्वाला आपल्या आवाजांची सीडी मुंबईला पाठवायची होती. उद्या शेवटची तारीख. शेजारचा दादू टेम्पोतून आंब्याच्या पेट्या घेऊन दुपारी मुंबईला निघणार होता, त्याच्याच हाती द्यायची. अण्णांना हे मुळीच पसंत नव्हतं. "आवाज ऐकायला मुंबईला कशाला जायला हवं? इथे कावळे संपले काय?"

अपूर्वाने फाइल पाठवायला घेतली. पडद्यावर आलं: उरलेला वेळ, एकोणीस तास. बाहेर दादूने हॉर्न वाजवला. मग उतरून तो पेट्यांना दोऱ्या आवळू लागला.

अपूर्वा रडवेली होऊन अंगणात आली आणि तिने मान वर केली.

माझ्यावर अण्णांचं सोवळ्याचं धोतर वाळत होतं. पूजेला नेसायचं, म्हणून धुतल्यावर त्याला कोणाचा हात लागता कामा नये. अण्णांनी अंगणभर नजर टाकली होती तेव्हा सगळ्यांत उंच, कोणाच्या हाताला न लागणारी अशी मीच त्यांना दिसले होते. रोज सकाळी ते काठीने धोतर माझ्यावर टाकत. ओल्या ओझ्याने माझा प्लग खिडकीतल्या हबमधून अर्धा सुटे, निम्मा मजकूर वाटेत गळे, आणि तो पुन्हा पुन्हा पाठवावा लागे. दुपारनंतर ते वाळून हलकं झालं की मी सावरे. सुतकात पूजा नाही, म्हणून धोतर नाही.

"अण्णा, हे आत्ताच्या आत्ता काढा!"

"अगो, आता कसा काढू? मी जेवलो. मला आता सोवळं चालत नाही."

"पण ही नेटवर्कची वायर आहे!"

"असेल. चार महिने सोवळ्यात आहे ती."

"काठीने उचलून दुसरीकडे टाका."

"कुठे? त्या दोरीवर मुकुलची जीन्स आहे."

अपूर्वाने वाद सोडला. कोपऱ्यातली काठी घेतली, धोतर हळूच वर उचललं आणि तसंच हवेत धरून उभी राहिली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मुकुलने आत जाऊन प्लग दाबून बसवला आणि ओरडला, "अगं, पळतंय! पण दुसरी फाइल तुलाच लावायला हवी, ये!"

तिला जाता येईना. काठी सोडली तर धोतर पुन्हा माझ्यावर. दादूने पुन्हा हॉर्न दिला.

अण्णा उठले. ओटीवरून उतरले, पोरीच्या हातातून काठी काढून घेतली.

"जा, बघ तुझं ते शिंचं. हे मी धरतो."

भर उन्हात, स्वतःचं सोवळं झेंड्यासारखं उंच धरून, अण्णा उभे राहिले. दादू विचारायला आला, "अण्णानू, काय हे?" अण्णा म्हणाले, "फाइल जात्येय. हळू बोल."

माझ्यातून गाज गेली, रहाट गेला, आंबा पडला. शेवटची फाइल होती अण्णांच्याच पूजेतल्या घंटेची. ती गेली ते अण्णांना कळलं नाही.

सीडी दादूच्या पेट्यांबरोबर गेली, पुढे अपूर्वाही मुंबईला गेली, घरात बिनतारी खोका आला आणि माझे दोन्ही प्लग लोंबकळत राहिले. आता मी निव्वळ कपडे वाळत घालायचं वळण आहे. धोतर येतं, वाळतं, जातं. मित्रांनो, तुमच्या घरी कोणी गुपचूप काम करत असेल, तर वर्षातून एकदा तरी मान वर करून पाहत जा.

सबब, संबंधितांस विनंती करण्यात येते की, अर्जदार वायर हिने समुद्राच्या हाकेच्या अंतरावर अनेक वर्षे ओल्या धोतराखाली सेवा केली असल्याने, तिचे प्लग एक वेळ पूर्ववत जोडून मांडवीची गाज तिच्यातून पुन्हा पाठविण्यात यावी. आणि तेवढा वेळ काठी अण्णांनीच धरावी. कळावे.