कापलेले श्वास

माझा मुलगा गायचा नाही, डुकरासारखा ओरडायचा. हे मी रागाने म्हणत नाही. डेथ मेटल नावाच्या त्याच्या कानठळ्या बसवणाऱ्या संगीतात त्या आवाजाला डुकराचंच नाव आहे, आणि तो मला कौतुकाने सांगायचा, "आई, आज डुक्कर झकास निघालं." मी म्हणायचे, "निघालं ना? मग आता जरा गप्प बसव त्याला, गिऱ्हाईक आलंय."

मी कपडे अल्टर करते. लांबी कमी करायची, चेन बदलायची, सुटलेल्या माणसांना त्यांच्याच जुन्या पँटमध्ये परत बसवायचं. पुढच्या खोलीत माझं दुकान आणि मोटारीचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत त्याचा माइक, मध्ये एक पातळ भिंत. त्याचे बाबा लवकर गेले, त्यामुळे आवाजाची तक्रार आम्ही एकमेकांकडेच करायचो.

लहानपणी जिन्यावरून पडून त्याचं नाक मोडलं होतं. तेव्हापासून तो मोठा श्वास घ्यायला लागला की बारीक शीळ वाजायची. भिंतीपलीकडून शीळ आली की मागोमाग गर्जना येणार, हे ठरलेलं. सुरुवातीला मी दचकायचे आणि शिलाई वाकडी जायची. एका बाईचा रेशमी झगा असाच गेला, आणि तिने मला नाही नाही ते ऐकवलं. मग मी शहाणी झाले. शीळ ऐकली की पॅडलवरचा पाय उचलायचा, गर्जना जाऊ द्यायची, मग पुढे शिवायचं. पुढे पुढे मला ते कळायचंही नाही, पाय आपोआप उठायचा.

तो गेल्याला आता वर्ष होईल. फुप्फुसांचा आजार होता. आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. त्याला फोनवर बोलायचा मनस्वी कंटाळा, सगळं लिहून पाठवायचा. त्यामुळे 'किल्ली विसरलो', 'दूध आणतो', 'जेवून घे' असे ढीगभर मेसेज माझ्याकडे आहेत आणि आवाज मात्र कुठेच नाही. ते मेसेज मी वाचते, पण मनात ऐकू येतो तो माझाच आवाज. त्याचा आवाज मला एकदा ऐकायचा होता. बाकी काही नको होतं.

म्हणून ढोल्या जेव्हा म्हणाला, "काकू, अल्बम तयार झालाय," तेव्हा मी भर दुपारी दुकानाचं दार लावून घेतलं.

ढोल्या म्हणजे त्यांच्या बँडचा ड्रमर. अंगाने काडी, पण वाजवायला बसला की अंगात येतं. माझा पोरगा मागच्या खोलीत एकटाच आवाज रेकॉर्ड करायचा, तो साफ करून बाकी वाद्यांशी जोडायचं काम ढोल्याचं. त्याने हेडफोन माझ्या कानांवर जपून बसवले.

"आवाज मोठा आहे हं, काकू."

"माझ्याच घरात वाढलाय तो आवाज. लाव."

खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं त्यापेक्षा मला ते जास्त कळलं. काही गाणी शिंक येऊन जावी एवढीच. ढोल्याचे हातपाय ओव्हरलॉक मशीनसारखे धावत होते. मध्येच सगळं थांबून व्हायोलिनचा एकच सूर राहायचा, इतका वेळ की जीव टांगणीला लागावा, आणि मग छत कोसळल्यासारखे सगळे एकदम. भांडण संपल्यावर घरात जी शांतता होते तीही त्यांनी कुठूनशी आणली होती. माझ्या पोराच्या डोक्यात एवढं सगळं चाललं होतं!

पण तो मला सापडेना. गर्जनेला गर्जना चिकटलेली. मी हेडफोन काढले.

"हा कोण ओरडतोय?"

"काकू, तोच आहे."

"तो नाही. हा श्वासच घेत नाही."

ढोल्याचा चेहरा उतरला. "श्वास कापलेत मी," तो म्हणाला. "साफ करताना मधलं सगळं काढतात. श्वास, बाहेरची खुडबुड. सगळेच काढतात. हात सवयीने चालला, काकू."

"इतकी वर्षं त्याच्याबरोबर वाजवलंस, आणि त्याचा श्वास कचरा म्हणून काढलास?"

बोलले आणि मलाच कसंतरी झालं. पण शब्द मागे घेतला नाही. मूळ रेकॉर्डिंग शिल्लक आहे का, विचारलं. तो म्हणाला, कॉम्प्युटर बदलला तेव्हा बरंच उडवलं, बघतो.

तो परत येईपर्यंत माझी एक शिलाई सरळ गेली नाही.

आला तेव्हा नुसती मान हलवून म्हणाला, "मिळालं." मी हेडफोन लावून बसले. आधी नुसती खरखर. मग शीळ. आणि टेबलाखाली माझा पाय उचलला गेला. मशीन बंद, पायाखाली पॅडल नाही, तरी उचलला गेला. मी रडले. ढोल्या भिंतीकडे बघत बसला.

मग लक्षात आलं, मागे आणखी काहीतरी आहे. खडखड. माझं मशीन. भिंतीतून माइकमध्ये आलेलं. मशीन चाललंय, शीळ येते, मशीन थांबतं, क्षणभर काहीच नाही, मग गर्जना. दर वेळी असंच.

"तो म्हणायचा, आई थांबली की मी," ढोल्या सांगू लागला. "तुम्ही थांबेपर्यंत श्वास धरून ठेवायचा. आम्ही चिडवायचो त्याला, तुझा खरा ड्रमर भिंतीपलीकडे बसतो म्हणून."

मला वाटायचं मी त्याच्यासाठी थांबते. तो माझ्यासाठी थांबत होता. आम्ही दोघं एवढी वर्षं एकत्र वाजवत होतो आणि मला कुणी सांगितलं नाही.

एकेक गाणं मी तसंच ऐकलं. आता सगळं जिथल्या तिथे बसत होतं. शेवटच्या गाण्यापाशी ढोल्याने हात आडवा घातला.

"हे नको, काकू. हे पुरं झालं नाही. त्यानंतर तो हॉस्पिटललाच गेला. अल्बममध्ये जुनाच तुकडा जोडलाय."

"लाव."

मशीन चाललंय. शीळ आली, तुटकी. मशीन थांबलं. मी वाट पाहिली. गर्जना आली नाही. पुन्हा शीळ, आणखी बारीक. पुन्हा काही नाही. मग खोकला, तोंडावर हात दाबून, भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून.

आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

त्या दिवशी मी काय शिवत होते, मला आठवत नाही. कुणाचे तरी पडदे असतील. आज ह्याचं लवकर आटोपलं, बरं झालं, असं म्हणून पाय खाली टेकवला असेल. उठून दार ढकललं असतं तर चार पावलांवर तो होता.

"हे मी काढून टाकतो," ढोल्या म्हणाला.

"काही काढायचं नाही," मी म्हटलं. "जुना तुकडा काढ आणि हे ठेव. असंच, मशीनसकट."

तो हो म्हणाला. मी हेडफोन काढले नाहीत. मागे तो हळूहळू श्वास घेत होता, आणि पुढे माझं मशीन चाललं होतं. लांबच लांब शिलाई होती, मध्ये कुठेही न थांबलेली.