नटवलेली ओळ

नोकरी गेल्यावर आमच्या भाऊजींनी एकच काम मन लावून केलं. कॉम्प्युटरवरची एक ओळ नटवली. अख्खी ओळसुद्धा नाही, ओळीची नुसती सुरुवात.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर चालवायची एक पद्धत असते, तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती एक काळी चौकट. तिला टर्मिनल म्हणतात. आपण त्यात हुकूम टाइप करायचा आणि कॉम्प्युटरने तो पाळायचा. हुकूम घ्यायच्या आधी कॉम्प्युटर ओळीच्या सुरुवातीला एक खूण काढून थांबतो. काउंटरवरचा माणूस मान वर करून ‘बोला’ म्हणतो ना, तेवढीच ती खूण. तिला प्रॉम्प्ट म्हणतात. डॉलरचं चिन्ह, शेजारी लुकलुकणारी दांडी, बस. त्या ‘बोला’ला नटवण्यासाठी जगभरातल्या रिकाम्या लोकांनी थीम, म्हणजे तयार नट्टापट्टा, करून ठेवल्यात. फुकट मिळतात, हीच गोम.

हे ज्ञान मला कुठून, तर माझं शिलाई मशीन आणि भाऊजींचं टेबल एकाच खोलीत. तिथे उजेड चांगला. मी लोकांच्या पडद्यांना कडा मारायच्या, पँटी तोकड्या करायच्या, आणि भाऊजींनी माझ्याकडे पाठ करून बोलत राहायचं. ऐकायला दुसरं कुणी नसलं की माणूस वहिनीलाही काय काय शिकवतो.

एके काळी ते कामाचे होते, हे मान्य करते. मोठ्या कंपनीचे सर्व्हर, म्हणजे सतत चालू ठेवावे लागणारे कॉम्प्युटर, त्यांच्या ताब्यात असायचे. आमचे हे बसच्या वर्कशॉपमध्ये आहेत; इंजिनाची नुसती घरघर ऐकून दुखणं सांगतात. भाऊजींचं सर्व्हरच्या बाबतीत तसंच होतं. कंपनी बुडाली, भाऊजी घरी आले, आणि दुखणी ओळखणारा माणूस पावडर-लाली लावत बसला.

आधी एक थीम बसवली. मग ती जुनाट वाटली म्हणून दुसरी. दुसरीत ओळीच्या डावीकडे निळा पट्टा यायचा, त्याच्या टोकाला बाण, बाणातून हिरवा पट्टा निघायचा, उजवीकडे घड्याळ.

“भिंतीवर घड्याळ आहे, मनगटावर आहे, स्क्रीनच्या कोपऱ्यात आहे,” मी म्हटलं. “आता हे कशाला?”

“वहिनी, हे वेगळं. हुकूम किती वेळ चालला ते सांगतं.”

“कुठला हुकूम?”

हुकूम एकच दिला जायचा, थीम पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

“आणि ही घराची खूण?”

“आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते कळतं त्यावरून.”

“कुठे आहात?”

“घरी.”

“ते आम्हालाही दिसतंय.”

यावर ते हसले. भाऊजींना टोमणे लागतात, पण आत कुठे उतरत नाहीत. वॉटरप्रूफ कापडासारखं, पाणी वरच्यावर घरंगळतं.

तिसऱ्या थीमने मात्र कमाल केली. ही बसवताना तीच उलट प्रश्न विचारत होती. स्क्रीनवर काहीतरी काढायची आणि विचारायची, हा हिरा दिसतो का, हो की नाही. भाऊजींनी मला मशीनवरून उठवलं.

“तटस्थ माणूस पाहिजे. बघा, हिरा दिसतोय?”

“खिडकी दिसतेय. रिकामी.”

“म्हणजे फॉन्ट बसला नाही,” भाऊजी म्हणाले, डॉक्टरांनी रिपोर्ट वाचावा तसे. फॉन्ट बसवला. मला पुन्हा उठवलं. आता हिरा दिसत होता. मग कुलूप दिसतं का. मग बाण टोकदार हवा की गोल, ओळींमध्ये जागा मोकळी हवी की दाट. नवऱ्यामुलाला कुणी एवढे प्रश्न विचारत नाही. आणि भाऊजी प्रत्येकाचं उत्तर विचार करून देत होते. जो माणूस ‘जेवणार का’ विचारलं तर ‘बघू’ म्हणतो, त्याचं बाणाच्या टोकाबद्दल मात्र ठाम मत.

हे सगळं चालायलाही माझी हरकत नव्हती. हरकत होती ती धाकटीपायी. धाकटी म्हणजे माझी जाऊ, भाऊजींची बायको. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. तिला दुसऱ्या गावच्या शाळेचं मुख्याध्यापकपद देऊ केलं होतं, राहायला घरासकट. तिने उत्तर लांबवत आणलं होतं, कारण भाऊजींना एका ठिकाणाहून बोलावणं आलेलं. तिथे नोकरी झाली तर त्यांना या गावातच राहावं लागणार, मग धाकटी नकार कळवणार. नाही झाली तर होकार. दोघांत तसं ठरलं होतं. आणि शाळेने शेवटची मुदत दिली होती, तोच दिवस नेमका भाऊजींच्या परीक्षेचा. सकाळी निघताना धाकटी मला म्हणाली, “ताई, दुपारी येते आणि जे काय असेल ते कळवून टाकते.” मनात काय आहे हे तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. दिवसभर चेहऱ्याने बोलणाऱ्या बाईने घरी येऊन चेहरा मिटून घ्यावा, तसं काहीसं.

परीक्षा घरूनच होती. पलीकडून एक बाई बोलणार, आपल्या एका सर्व्हरवर भाऊजींना आत घेणार, त्यात मुद्दाम ठेवलेली खोड भाऊजींनी शोधून काढायची, आणि ते काय करतात हे बाईंना दिसत राहणार. भाऊजींनी मला मशीन बंद ठेवायला सांगितलं. मी हाताने बटणं लावत बसले.

बाईंनी आधी भाऊजींची स्क्रीन बघितली. निळा पट्टा, हिरवा पट्टा, हिरा, कुलूप.

“रंगीत आहे,” बाई म्हणाल्या.

भाऊजींना ही तारीफ वाटली. मानेवरून कळलं मला.

मग बाईंनी खोड सांगितली. रोजचं एक काम सुरू होतं आणि अर्ध्यावर बंद पडतं, का ते शोधा. भाऊजी त्यांच्या सर्व्हरवर गेले. तिथे नुसतं डॉलरचं चिन्ह. उघडंबोडकं. भाऊजी खुर्चीत हलले, बोटं कीबोर्डवर ठेवली, उचलली.

“जरा आधी बसायची सोय करून घेऊ का?” त्यांनी विचारलं. “माझी थीम टाकतो. मग हात भराभर चालतो.”

“वेळ तुमचा आहे,” बाई म्हणाल्या.

हा सूर मी ओळखते. जाड माणूस ‘अजून घट्ट शिवा’ म्हणाला की मीही म्हणते, कापड तुमचं आहे. पण भाऊजींच्या कानांवर पट्टे-बाण चढले होते. त्यांनी इंटरनेटवरून त्या सर्व्हरवर थीम उतरवून घ्यायला सुरुवात केली. नुसती थीम नाही, तिच्यासोबतची सगळी नक्षी, आणि कुणी कधी कुठला रंग बदलला त्याचा थीमच्या जन्मापासूनचा इतिहास. अक्षरं सरसर वर जात होती, भाऊजी शीळ घालायच्या बेतात होते, आणि अक्षरं थांबली. लाल ओळ आली.

“जागा नाही म्हणतंय,” भाऊजी हळूच म्हणाले.

तीच खोड होती. सर्व्हरच्या डिस्कवर जागाच उरली नव्हती, म्हणून ते रोजचं काम अर्ध्यावर गुदमरत होतं. जी काही चिमूटभर जागा शिल्लक होती, तिच्यात भाऊजींनी आपला साजशृंगार कोंबला.

“तुमच्या आधी ते अर्ध्यावर बंद पडत होतं,” बाई म्हणाल्या. “आता सुरूच होत नाहीये.”

त्या क्षणीसुद्धा वाचता आलं असतं. ‘चुकलो, काढून टाकतो’ म्हणायचं, थीम पुसायची, जागा मोकळी करायची. मी शिवणकाम करणारी बाई, मला दिसत होतं की चुकीची टीप पडली तर आधी उसवायची. पण अर्धवट बसलेल्या थीममुळे त्या ओळीतला बाण भलतीकडे गेला होता, आणि भाऊजींना तो बघवेना. ते बाण सरळ करत बसले. घर जळत असताना पडद्याच्या चुण्या नीट कराव्यात तसे. बाण सरळ झाला नाहीच. वेळ संपली.

“तुमचा अनुभव चांगला आहे,” बाई म्हणाल्या, “पण आमच्याकडे जमणार नाही. आत्ताच सांगितलेलं बरं.” आणि गेल्या.

भाऊजी स्क्रीनकडे बघत राहिले. मी दोरा तोडला.

“पहिला हुकूम कुठला द्यायचा असतो?”

“डिस्क बघायचा,” ते म्हणाले. “नवीन पोरं यायची ना, त्यांना मीच शिकवायचो. काहीही करण्याआधी जागा बघा.”

“मग?”

“ती ओळ फार उघडी दिसत होती, वहिनी. मला काही सुचेचना.”

शहाणा माणूस इथे थांबला असता आणि मलाही जरा दया येऊ दिली असती. भाऊजी पुढे म्हणाले, “हिला आज सांगू नका. आणखी एका ठिकाणी बोलणं चाललंय माझं.”

“कुणाशी?”

“चालेल, म्हणजे चालू करणार आहे.”

“आणि तिने आज नकार कळवला तर?”

“मग आपण सगळे इथेच. वाईट काय त्यात?”

“वाईट काही नाही,” मी म्हटलं. “तिने मुख्याध्यापक व्हायचं नाही, कारण तुम्हाला एक वाक्य बोलायचं जड जातंय. एवढंच.”

ते पाणी प्यायला उठून गेले. कठीण बोलणं निघालं की या घरातल्या पुरुषांना तहान लागते.

दुपारी धाकटी आली. पर्स खांद्यावरच होती, आणि उभ्याउभ्याच तिने विचारलं, “कसं झालं?”

“बरं झालं,” भाऊजी म्हणाले. “कळवतील.”

“हो? छान.”

तिने ते ‘छान’ इतकं नीट उच्चारलं की शाळेतल्या मुलांना शिकवतानाच तेवढं नीट उच्चारत असेल. पर्समधून फोन काढला. नंबर शोधायला लागली. खांदे जरा खाली आले होते, आणि ते पर्सच्या वजनाने आले नव्हते.

“भाऊजी,” मी म्हटलं, “तुम्ही सांगता की मी सांगू?”

धाकटीने मान वर केली. भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्यांची डिस्क भरली.

“त्याचं काय झालं,” त्यांनी सुरुवात केली, “थीम दोन प्रकारच्या असतात...”

“मुद्द्यावर या,” मी म्हटलं.

मग आले. धाकटी ओठांकडे बघत ऐकते, सवयच आहे तिला. समोरच्याला लपायला जागा राहत नाही. भाऊजी सांगत सांगत बारीक होत गेले. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे जागा नव्हती म्हणून काम अडलं होतं, आणि तू तिथे आणखी सामान नेऊन ठेवलंस.”

“हो.”

“कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

ती हसली. खरंच हसली, मलाही हसू आलं, आणि भाऊजींना वाटलं सुटलो. तेही हसायला लागले तशी ती थांबली.

“हे झालं ते झालं. मघाशी काय म्हणालास? बरं झालं?”

भाऊजी कीबोर्ड सरळ करायला लागले.

“मी नकार कळवला असता.”

“माहीत आहे.”

“माहीत होतं, आणि तरी म्हणालास.”

भाऊजींनी सबब शोधली नाही, एवढी अक्कल शाबूत होती. धाकटी म्हणाली, “मला ती शाळा हवी आहे. तुझं काम झालं असतं तरी हवी होती. तुला बरं वाटावं म्हणून बोलले नाही. आता बोलतेय.”

तिने नंबर लावला. पलीकडच्या माणसाला नाव सांगितलं, शाळा सांगितली आणि न अडखळता म्हणाली, “होकार कळवायचा होता.” मग ऐकत राहिली. मग फोनवर हात ठेवून भाऊजींकडे वळली.

“विचारतायत, घर एकटीसाठी हवं की दोघांसाठी.”

“तू सांग,” भाऊजी म्हणाले.

मला वाटलं उठावं आणि मोजपट्टीनेच एक द्यावी. बायको दारात उभी राहून विचारतेय आणि हा म्हणतो तू सांग. हिऱ्याला हो म्हणता आलं, कुलपाला आलं.

“मी तुला विचारतेय,” धाकटी म्हणाली.

पलीकडून कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करत होतं. भाऊजींच्या चेहऱ्यावरची सगळी रंगरंगोटी गेली होती, आणि मी तो चेहरा बऱ्याच दिवसांनी बघत होते. अगदी साधा आहे. बरा आहे तसा.

“दोघांसाठी,” ते म्हणाले. “मला यायचंय. तू नेत असलीस तर.”

धाकटीने लगेच हात काढला नाही. पलीकडचा माणूस थांबला तसेच भाऊजीही थांबले. मग तिने फोन कानाला लावला आणि म्हणाली, “दोघांसाठी.”

पुढे बराच वेळ पत्ता, तारखा, किल्ल्या असं चाललं होतं. ती आल्यापासून उभीच होती. भाऊजी उठले, आपली खुर्ची उचलून तिच्या मागे नेऊन ठेवली आणि तिच्या खांद्यावरची पर्स उतरवून घेतली. नोकरी गेल्यापासून कुणी न सांगता केलेलं त्यांचं हे पहिलं उपयोगाचं काम. मी काही बोलले नाही. मशीन सुरू केलं.