कितवा तामिजुरो

"थांबा," म्हणत कुवाबारांनी हाचियाचं मनगट धरलं. कुंचल्याच्या टोकाचा काळा थेंब फळीवर पडता पडता राहिला. 'सावागावा तामिजुरो' ही गुबगुबीत अक्षरं रंगवून झाली होती. त्यांच्या डोक्यावर 'चौथा' एवढंच लिहायचं उरलं होतं.

"आता काय? नाव चुकलं?"

"नाव ठीक आहे. आकडा राहू द्या. उद्या सांगतो."

"उद्या फळी टांगायचीय. आणि तिकिटांवर चौथा कुणी छापला? तुम्हीच ना?"

"मीच."

हाचियाने कुंचला पाण्यात बुडवला. "नाटक काढणारा आणि इतिहास लिहिणारा एकाच कोटात राहायला लागले, की हाल रंगाऱ्याचे."

कुवाबारा हसले, पण काखेतली गुंडाळी त्यांनी घट्ट धरून ठेवली. सकाळी देवळाच्या कोठारात जुना पडदा शोधताना ती हाती लागली होती. पूर्वी रसिक मंडळी आवडत्या नटाच्या नावाचं उंच निशाण नाटकघरापुढे उभारत, त्यातलं हे एक. वर 'तिसरा तामिजुरो', खाली साल युद्धाचं. आणि तिसरा तामिजुरो, म्हणजे क्योइची, त्या साली मांचुरियात बंदूक वाहत होता. तिथून पुढे सैबेरियाच्या कैदेत गेला. हे स्वतः कुवाबारांनीच आपल्या पुस्तकात लिहिलं होतं. आता परवा हेच क्योइची घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आपलं हे रंगमंचावरचं नाव भरल्या नाटकघरात मुलाला देणार होते.

रंगमंचामागच्या खोलीत क्योइचींची थोरली बहीण तोकी सोहळ्याचे कडक खांद्यांचे पोशाख शिवत बसली होती. कुवाबारांनी निशाण तिच्यापुढे उलगडलं. तिने कापड चिमटीत धरून पाहिलं.

"कसर लागली नाही याला? बरोबर आहे. युद्धातलं कापड, किड्यांनाही नको होतं."

"तोकी-सान, हा तिसरा कोण होता?"

"होती," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवू लागली.

कुवाबारा खाली बसले. दोरा ओवायला तिला बराच वेळ लागला.

"बाबा गेले. पुरुष सगळे आघाडीवर. क्योइचीचं पत्र नाही, काही नाही. मेलाच असं धरून चाललो होतो. नाटकघर बंद पडलं असतं. मग मीच तलवार कंबरेला लावली आणि बाबांच्या नावानं रंगमंचावर उभी राहिले. लोक यायचे हो! तिकिटाला पैसे नसले तर रताळी घेऊन यायचे. तो परत आला तेव्हा नुसती हाडं आणि डोळे. त्याच संध्याकाळी मी नाव त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, बाबांनी तुझ्यासाठीच राखलं होतं, मी नुसती धूळ झटकत होते."

"आणि गाव?"

"गावानं तोंड मिटलं. त्यातली बरीच तोंडं आता कायमची मिटली."

"पण का? काम चांगलं होत नव्हतं तुमचं?"

तोकीने मान वर केली. तिला राग आला होता. "मी त्याच्यापेक्षा बरी होते! म्हणूनच तर. त्या अवस्थेतल्या माणसाच्या कानावर रोज 'ताई बरं करायची' पडलं असतं, तर जगला असता का तो?"

बाहेर कुणीतरी डफासारखं काहीतरी बडवून पाहत होतं. कुवाबारांनी चष्मा काढून पुसला, आधीच स्वच्छ होता तरी.

"मग फळीवर काय लिहू?"

"चौथा. मी मेल्यावर तुमच्या पुस्तकात काय हवं ते करा. पण परवा पोराच्या देखत त्याला एक पायरी खाली उतरवू नका, पुस्तकवाले."

"क्योइची-सानना यातलं काय माहीत आहे?"

"त्याला कुठलं माहीत असणार? तो तर बर्फात होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुवाबारांनी हाचियाला 'चौथा' लिहायला सांगितलं. अक्षर वाळेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. इतका वेळ ते कुठल्याच फळीपाशी उभे राहिले नव्हते.

सोहळ्याच्या दुपारी नाटकघर जेवणाच्या डब्यांसकट भरलं होतं. रंगमंचावर नट मंडळी ओळीने गुडघ्यांवर बसली होती, हात जमिनीवर. मधे क्योइची, शेजारी त्यांचा मुलगा सेइजी, मानेवर घाम. विंगेत तोकी जमिनीवर बसली होती, कुणाची शिवण उसवलीच तर असावी म्हणून सुईदोरा घेऊन. कुवाबारा तिच्या पुढ्यात उभे होते.

क्योइचींनी घसा साफ केला.

"दुसऱ्या तामिजुरोंनी, माझ्या वडिलांनी, हे नाव राखलं. त्यांच्यामागे पडत्या काळात तिसऱ्या तामिजुरोने, माझ्या ताईने, ते उभं ठेवलं. चौथा म्हणून मला जमलं तेवढं मी केलं. तिच्याइतकं जमलं नाही. आज हे नाव पाचव्याच्या हाती देतो."

बाकांवर कुजबुज झाली. लोक तिकिटं उलटसुलट करून पाहू लागले. मग मागच्या रांगेतून, नटाला दाद देताना हाक मारतात तसा, एक चिरका, म्हातारा आवाज आला:

"पाचवा!"

त्याच्यामागून आणखी दोन-चार.

"डोकं फिरलं मेल्याचं," तोकी भावाकडे पाहत पुटपुटली. "वय झालं. मोजता येत नाही आता."

"सांगू का मग जाऊन, चुकलं म्हणून?"

"गप्प बसा हो! खेळ चालू आहे."

रंगमंचावर सगळ्यांनी एकदम मस्तक टेकवलं. तोकीने सुई गळपट्टीत खोचली, दोन्ही हात जमिनीवर ठेवले आणि कोपरं बाहेर काढून, पुरुष नट वाकतात तशी, कपाळ टेकेपर्यंत वाकली.

कुवाबारा तिच्या आणि रंगमंचाच्या मधे उभे होते. ते हळूच बाजूला झाले.