तैमीबाईंची घसरगाडी आणि एक मत

मित्रांनो, मी एक जुनी घसरगाडी आहे. खाली दोन लांब पोलादी पट्ट्या, वर लाकडी बैठक, मागे दांडा. दांडा धरून एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्यानं रेटायचं, की मी बर्फावरून सुसाट!

आमच्या हिर्वीलाम्पी पालिकेत माणसांपेक्षा तळी जास्त आणि तळ्यांपेक्षा रेनडिअर जास्त. रेनडिअरना मत असतं, तर आम्ही केव्हाच राजधानी झालो असतो. चर्च कोणत्या काठावर बांधायचं यावरून पूर्वज शेजारच्या शहराशी भांडले आणि ही पालिका वेगळी झाली. चर्च मात्र तिसऱ्याच काठावर उभं राहिलं.

मी इथल्याच लोहाराच्या हातची. पिठाची पोती, तान्ही बाळं, एकदा तर पाद्रीसुद्धा वाहून नेला. मोटारी आल्या आणि मी लाकडांच्या खोपटात पडले. पुढे पालिकेच्या सभासद तैमीबाईंचे गुडघे दुखू लागले, तेव्हा त्यांना माझी आठवण झाली.

एके दिवशी पालिका त्याच शहरात विलीन करायची की नाही, यावर सभेत मतदान होतं. एका मतानं पालिका वाचणार होती, ते मत तैमीबाईंचं. पण विरुद्ध बाजूचा सभासद एइनो पोहोचला, तर बरोबरी होणार होती. बरोबरीत अध्यक्षांचा कौल, आणि अध्यक्ष विलीनीकरणवाले!

वाटेत एइनोच लंगडत चाललेला दिसला. रिकाम्या गाडीनं पायी माणसाला मागे टाकायची आमच्याकडे रीत नाही.

"बस, गाढवा."

"तुझ्याविरुद्ध मत देणार आहे हं, तैमी!"

"ठाऊक आहे. पाय वर घे."

"शहरात गेलो ना, की रोज रस्त्यावर वाळू पडेल बघ. म्हातारी माणसं घसरायची नाहीत."

वळण घेतलं आणि घात झाला. सभासद घसरू नयेत म्हणून अध्यक्षांनी शहरातून खास वाळू मागवून पसरली होती! वाळूत माझ्या पट्ट्या रुतल्या. मी थांबले, तैमीबाई थांबल्या, एइनो थांबला नाही. तो समोरच्या बर्फाच्या ढिगात डोकं खाली, पाय वर असा घुसला.

"हीच का रे तुझी वाळू?"

"आधी टोपी शोध! आणि चल तळ्यावरून, उशीर होतोय!"

गोठलेल्या तळ्यावरून आम्ही वाऱ्यासारखे सुटलो आणि सभागृहाचं दार लावता लावता पोहोचलो. मी पायरीशी कान लावून उभी. विलीनीकरणाच्या विरोधात तैमीबाईंचा हात वर गेला. पाठोपाठ एइनोचा!

"एइनो, हात चुकून वर गेला का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. मघाशी डोकं चुकून खाली गेलं होतं."

पालिका वाचली! तेव्हा मित्रांनो, रस्त्यावर वाळू खुशाल टाका, पण कडेला हातभर बर्फ आमच्यासाठी राखा. तेवढ्यावरून एक रेटणारा आणि एक न पटणारा, दोघं आरामात जातात.