पुरणयंत्रातले बटाटे

आचारी गुरुदत्तने पातेल्यातून डाव वर उचलला, तर बटाट्याचं लांबलचक शेपूट डावाबरोबर वर आलं. तुटेचना. चौदा एप्रिलची पोस्टरं चिकटवायला आम्ही खळ शिजवतो ना, सेम तशी.

"बटाटाच पाणचट आहे," तो मॅनेजर सदूभाऊला म्हणाला. "गयाबाईच्या बायकांनी सोलून पाण्यात टाकून ठेवला. मी काय करणार?"

उल्हासनगरच्या त्या हॉलमध्ये आम्ही सात जणी भाजी सोलायला. गयाबाई म्हणजे माझी मावशी, टोळी तिची. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी पण त्यातच. त्या दिवशी सिंधी लोकांचा साखरपुडा होता, दोनशे माणूस. नवरीच्या भाभीने दुबईला कुठल्या तरी हॉटेलात मॅश पोटॅटो खाल्लेला. तिला तोच पाहिजे, मलईसारखा.

"मग उद्यापासून दुसऱ्या बायका बघतो," सदूभाऊ म्हणाला.

पुढे अख्खा मे महिना लग्नं होती. माझं डोकं सटकलं.

"पाण्यात कोणी टाकला? सालीसकट उकडलाय, गरम गरम सोललाय. ही बोटं बघा!" बोटं लालभडक झालेली. "यांनी मिक्सरला लावला. गरागरा, पाच-पाच मिनटं. मी बघितलंय."

"मिक्सरला नाय तर काय तुझ्या डोक्याने वाटू?" गुरुदत्त म्हणाला. "शाळेत नापास आणि इथे मास्तरीण."

"नापास नाय. सोडली."

घरी एकदा पराठ्याचा बटाटा मी पण असाच मिक्सरला लावलेला. आईने महिनाभर ऐकवलं, म्हणून पक्कं माहीत. मागच्या शेगडीवर बटाट्याचं दुसरं पातेलं उकळत होतंच.

"भाऊ, सहा वाजलेत. पाहुणे आठला. एक तास द्या. नाय जमलं तर सातही जणी चपला घालून निघतो. परत येत नाय."

मावशीने मागून असा चिमटा काढला की बस. पण बोलून झालं होतं.

हॉलच्या मागेच आमची चाळ. धावत गेले, चार घरांतून चार पुरणयंत्रं उचलून आणली. आमच्या टोळीतल्या बकुळाने डोक्याला हात लावला.

"अगं बाई, होळीचं भांडं हे! यात बटाटे?"

"बटाट्याला काय माहीत होळी कधी असते. फिरव."

चौघी फिरवायला, तिघी सोलायला. बटाटा गरम होता तोवरच घातला. खालून नुसत्या मऊ शेवया पडत होत्या, एक गुठळी नाय. मी लोणी घातलं आणि फ्रिजमधलं दूध ओतायला घेतलं, तर मावशीने हात धरला.

"थंड ओतशील तर गोळा होऊन बसेल तो. तापव आधी. आणि घोटू नकोस, नुसता हलव."

गरम दूध, साय, मीठ, मिरपूड. उलथन्याने हलका हात. पांढराशुभ्र ढीग झाला. सदूभाऊने बोट घातलं, चाटलं. मग परत घातलं.

"बोट काढा भाऊ, दोनशे माणूस खाणारे."

साडेआठला भाभी स्वतः आत आली, हातात रिकामी वाटी. "ये किसने बनाया?"

गुरुदत्तने तोंड उघडलं. मी त्याच्याआधी.

"हम सात जनों ने."

"कौन सी मशीन से? दुबई में भी ऐसा नहीं मिला."

मावशीने पुरणयंत्र वर केलं. दांड्याला अजून बटाटा होता. भाभीने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि एवढी हसली की बाहेरून दोघी बघायला आल्या.

गुरुदत्तची खळ टिक्कीत गेली. तिथे चिकटपणा बरा.

निघताना सदूभाऊ म्हणाला, "गयाबाई, उद्या सहाला सातही जणी या. आणि ते यंत्र आणा."

"आणू की," मावशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "पण यंत्र पायलचं ऐकतं. तिला शेगडीपाशी रांधायला उभी करणार असाल, तरच."

सदूभाऊने गुरुदत्तकडे बघितलं. गुरुदत्तने जमिनीकडे.

"करा उभी," सदूभाऊ म्हणाला.

बोटं अजून जळत होती. पदराशी चाळा करत बकुळा खुदखुदत होती, आणि मी चार यंत्रं धुवायला घेतली. एकेक करून, गुरुदत्तच्याच ओट्यावर.