नवा पट्टा

बायको मलिका गेल्यापासून अजीजच्या भिंगारमधल्या घरापुढे ती मोटारसायकल पोत्याखाली उभी होती. गाडी जुन्या घडणीची. इंजिनाची ओढ मागच्या चाकाला साखळीऐवजी चामड्याच्या पट्ट्यानं मिळे. मलिकाचे दिवस भरले तेव्हा तो तिला ह्याच गाडीवर मागे बसवून दवाखान्यात निघाला होता. वाटेत पट्टा तुटला, बैलगाडी मिळेपर्यंत ऊन चढलं, आणि संध्याकाळी घरी आलं ते तिचं मयत.

तेव्हापासून त्याला रडू आलं नव्हतं. तो लष्कराच्या वर्कशॉपात जाई, परत येई, भाकरी खाई. पण कशाशी खाल्ली हे कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

दुसरी मोठी लढाई संपल्याच्या पुढच्या साली मलिकाचा धाकटा भाऊ कादर आला. कोपरगावकडे साखर कारखान्यात त्याला नोकरी लागली होती. आपाची, थोरल्या बहिणीची, गाडी मला द्या, म्हणाला. अजीजनं नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं गाडी स्टँडवर चढवली, तुटक्या पट्ट्याच्या मापानं नवं चामडं कापलं, टोकांना भोकं पाडून लोखंडी आकड्यानं ती जोडली आणि पट्टा पुलीवरून चाकावर चढवला. अधांतरी चाक हलक्या हातानं सुरेख फिरलं. मात्र गाडी स्टँडवरून उतरवताच मागचा टायर बसला. त्यानं हवा भरली, पुन्हा भरली. स्टँडवर टायर गोल राही, जमिनीला टेकला की दबे.

ही गाडी पळत ढकलली की सुरू होई. कादरनं हँडल धरून जोर लावला, पण ती जेमतेम सरकली.

"दुल्हाभाई, पट्टा लई आवळला काय? कुनी बसल्यावानी जड लागती."

अजीजनं पट्टा दाबून पाहिला. ताण बरोबर होता. मग तो मागे जाऊन ढकलू लागला. दारापुढून गल्लीपर्यंत गाडी कशीबशी आली. खाली मातीत काहीतरी घासत होतं. नजर पट्ट्यावर ठेवून, रोजच्याच आवाजात तो म्हणाला,

"मलिका, पाय वर घे."

कादरचा चेहरा उतरला. तो काही बोलणार एवढ्यात गाडी एकदम हलकी झाली, इंजिन पेटलं, आणि हातातून सुटू नये म्हणून त्याला धावत उडी टाकूनच बसावं लागलं. त्यानं वळून पाहिलं नाही.

आवाज विरेपर्यंत अजीज तिथंच उभा राहिला. त्याला काही वाटलं नाही. परत फिरताना त्याची नजर खाली गेली. चाकाच्या खुणेच्या डाव्या अंगाला, बायका एकाच बाजूला पाय सोडून बसतात त्या बाजूला, दारापासून दोन बारीक रेघा जोडीनं मातीत ओढत आल्या होत्या. तो जिथं बोलला होता तिथं त्या थांबल्या होत्या; पुढं गल्लीत नुसतंच चाक उमटलं होतं.